टेकूचा उजेड

पैंजण बोंबललं की घरातली सगळी माणसं हातातलं टाकून पाळण्याकडे धावत, आणि पाळण्यात बाळ आपलं खुशाल मूठ चोखत पडलेलं असे. कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक अशाच होत्या. कुणी लिहिलं होतं, 'तुमच्या यंत्रापायी सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढलं.' कुणी पैंजण सरळ खोक्यात घालून परत पाठवलं होतं, वर निरोप, 'आम्हाला बाळ सांभाळता येतं. हे सांभाळता येत नाही.'

पैंजण म्हणजे तान्ह्या बाळाच्या पायात घालायचा मऊ पट्टा. तळपायाशी येईल अशी टिकलीएवढी काच. त्या काचेतून लाल उजेड बाळाच्या तळपायात शिरायचा आणि आतल्या रक्ताला भेटून परत यायचा. रक्तात प्राणवायू भरपूर असला की पट्ट्यावर चांदणीसारखा एक ठिपका चमकत राहायचा. प्राणवायू उतरला की रक्त काळपट होऊन तो उजेड खायचं, ठिपका विझायचा आणि भोंगा सुरू. नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या त्या कंपनीत या काचेमागचं सगळं काम ऋजुताच्या हाताखाली होई. ती नुकतीच बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती. तिची सई पाळणाघरात असे.

"ऋजुता, तू आई आहेस," देवस्थळी सर म्हणाले. "बायका तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील. जा एखाद्या घरी, बघून ये काय भानगड आहे." हेच सर, साडेपाचला तिने पर्स उचलली की "निघाली स्वारी?" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत, ती गोष्ट वेगळी.

मखमलाबादच्या त्या घरात बाळाची अंघोळ नुकतीच झाली होती. आईने त्याला पावडर लावली, झबलं चढवलं, काजळाच्या डबीत बोट बुडवून गालावर तीट लावली आणि मग पाय उचलून तळपायावर चांगला ठसठशीत ठिपका दिला.

"तळपायाला कशाला?" ऋजुताने उगाच विचारलं.

"अहो, गालावरची सगळ्यांना दिसते. ही कुणाला दिसत नाही, म्हणून हीच खरी," ती बाई म्हणाली आणि तिने त्याच पायात पैंजण अडकवलं. काच नेमकी काजळावर बसली. भोंगा सुरू झाला.

ऋजुताला हसू आलं आणि घामही फुटला. ती स्वतः सईला रोज तीट लावत होती. फक्त डाव्या पायाला लावायची आणि पैंजण उजव्यात असायचं, म्हणून तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पैंजणाच्या पोटात काय चालतं ते सांगायला हवं. अर्धसंवाहकाचा अतिशय पातळ थर दोन वेगळ्या थरांच्या मध्ये दाबून बसवला, की त्यातले इलेक्ट्रॉन विहिरीत पडल्यासारखे अडकून राहतात. या क्वांटम विहिरी. अशा विहिरी समोरासमोरच्या दोन आरशांमध्ये ठेवल्या, की आत आलेला उजेड त्या आरशांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि प्रत्येक फेरीत विहिरींवरून जातो. उजेड थोडा असेल तर विहिरी तो पिऊन टाकतात, पलीकडे काही पोचत नाही. उजेड वाढवत नेला तरी बराच वेळ काहीच होत नाही. मग अचानक विहिरी तुडुंब भरतात, त्यांचं पिणं थांबतं, आत उजेड साठत जातो आणि पलीकडे एकदम लख्ख होतं. दुप्पट दिलं तर दुप्पट मिळेल, असला सरळ व्यवहार इथे नाही. म्हणूनच तर हे यंत्र इतकं हळवं होतं, रक्ताच्या रंगातला बारीकसा फरकही त्याला कळे.

खरी गंमत त्याच्या पुढे. एकदा लख्ख झाल्यावर उजेड थोडा कमी केला, तरी ते विझत नाही. आत साठलेला उजेडच विहिरींना भरलेलं ठेवतो. शेगडी पेटवताना जोरजोरात फुंकावं लागतं, पण निखारे एकदा फुलले की साध्या वाऱ्यावरही धगधगत राहतात, तसंच. पेटण्याची रेघ वर, विझण्याची रेघ बरीच खाली.

बाळाच्या पायातून परत येणारा उजेड अगदी अशक्त. तो एकटा वरच्या रेघेपर्यंत कधीच पोचला नसता. म्हणून पाठीमागून एक ठरावीक उजेड कायम सोडलेला असे. ऋजुताच्या विभागात त्याला सगळे 'टेकू' म्हणत. टेकू नेमका हवा तेवढाच ठेवायचा, म्हणजे बाळाचं रक्त चांगलं असेल तर ठिपका लागेल आणि बिघडलं तर विझेल.

तिटेचं काजळ उजेड खात होतं. मग टेकू कमी पडायचा. निदान इतकं सोपं होतं.

"लोकांना सरळ सांगूया ना, त्या पायाला तीट लावू नका," फैयाज म्हणाला. फैयाज ऋजुताचा सहकारी, मोजमापं त्याच्याकडे असत.

"अरे बाबा, तीट लावू नका म्हणणारं यंत्र कुठली आई विकत घेईल?" देवस्थळी सर म्हणाले. सगळे हसले. ऋजुताही हसली.

तिने दुसरा उपाय काढला. पैंजण पायात घातल्याबरोबर टेकू आपोआप वाढत जाईल, ठिपका लागेपर्यंत. तीट असली तर जास्त टेकू, नसली तर कमी. कुणाला काही सांगायला नको, कुणाच्या श्रद्धेला धक्का नको. ही सुधारणा कंपनीतल्या संगणकावरून घरोघरच्या पैंजणांना हवेतूनच पोचली आणि भोंगे जवळपास बंद झाले. सरांनी पेढे वाटले. "रजेवरून आल्यावर माणूस ताजंतवानं होतं म्हणतात ते उगाच नाही," असंही म्हणाले. ऋजुताला ते फार गोड लागलं.

पेढ्यांचा डबा रिकामा व्हायच्या आत फैयाज तिच्या टेबलाशी आला. त्याने खोटं रक्त भरलेल्या रबराच्या पायावर प्रयोग करून एक आलेख काढला होता.

"मॅडम, समजा तीट सकाळी लावली. टेकू वाढला. मग बाळाने दिवसभर पाय घासले, काजळ पुसलं गेलं. टेकू मात्र सकाळचाच. आता आत उजेड नको तितका झालाय. इथून पुढे मी रक्त काळं करत नेलं, बघा."

आलेखावरची रेघ वरच सरळ चालली होती. विझायच्या रेघेपर्यंत ती खाली येतच नव्हती.

"इतके पाय घासतात का बाळं?" ऋजुता म्हणाली.

फैयाजने आलेख तिच्याकडे सरकवला. त्याला मूल नव्हतं. मूल तिला होतं. सईच्या चादरीवर रोज काजळाचे फराटे असत आणि ती रोज ते धूत असे.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पुढच्या सुधारणेत घेऊ. सरांशी मी बोलते."

बोलायचं तिच्या मनात होतं, अगदी मनापासून होतं. पण सर दिल्लीला गेले. मग सईला ताप आला. मग पेढे खाऊन झाल्यावर पुन्हा तोच विषय कुठल्या तोंडाने काढायचा, असं झालं. एवढं मात्र तिने केलं. सईची तीट दुसऱ्या पायाला असायची, तरी आलेख पाहिला त्या संध्याकाळी घरी गेल्या गेल्या तिने सईच्या पायातलं पैंजण काढलं आणि कपाटात वरच्या खणात ठेवून दिलं. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, "मोठी झाली रे आता ती. टोचतं तिला."

*

कौस्तुभच्या मुलीचं बारसं इंदिरानगरला त्याच्याच फ्लॅटवर होतं. कौस्तुभ ऋजुताचा धाकटा भाऊ. त्याची मुलगी सातव्याच महिन्यात जन्मली होती आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून आता कुठे घरी आली होती. हाताच्या पंजात मावेल एवढं डोकं. बघणाऱ्याचाच श्वास अडकावा.

"या वन्सं, या," वृंदा दारातच म्हणाली. वृंदा म्हणजे कौस्तुभची बायको. एरवी ती ऋजुताला ताई म्हणे, वन्सं फक्त चिडवायला. "आत्याबाई काय आणणार ते आम्हाला आधीच ठाऊक आहे. उगाच कागदात गुंडाळायचे कष्ट घेतलेत."

ऋजुताच्या पिशवीत पैंजण होतं. न आणून कसं चाललं असतं? ज्या आत्याने ते बनवलं तिनेच भाचीला दिलं नाही, तर दहा जणी कारण विचारणार. आणि असल्या नाजूक जिवाला काही नसण्यापेक्षा काहीतरी बरं, असंही तिने रिक्षात स्वतःला समजावलं होतं.

तिने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, शाल्मली. बायकांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. हसण्याखिदळण्यात ऋजुताची आई काजळाची डबी घेऊन पुढे आली.

"लाव गं आत्या, तूच लाव. इतक्या जणींनी बघितलंय पोरीला. तळपायाला लाव."

ऋजुताचं बोट डबीत गेलं. सगळ्या बघत होत्या. दुसऱ्या पायाला लावावी हे तिला सुचलंही, पण वृंदाने पैंजण घालायला म्हणून उजवा पाय तिच्यापुढे धरला होता. आणि खोटं कशाला बोला, त्या एवढ्याशा पायाकडे बघून तिला खरंच वाटलं, कुणाची दृष्ट लागू नये. तिने तीट लावली. वृंदाने वर पैंजण बांधलं. ठिपका चमकला.

"आता मी झोपू शकते," वृंदा म्हणाली.

*

दुसऱ्याच दिवशी वृंदाचा फोन आला तेव्हा ऋजुता ऑफिसात चहा पीत होती.

"ताई, कामात नाही ना? काही नाही हो, उगीच केला. शाल्मली आज जरा मलूल वाटतेय. सकाळपासून नीट प्यायली नाही, नुसती पेंगतेय."

"पैंजण आहे ना पायात?"

"आहे की. छान चमकतंय. म्हणून तर घाबरले नाही मी. भांडी आवरून घेतली, म्हटलं झोपू दे."

ऋजुताने कप खाली ठेवला.

"वृंदा, पैंजण वर सरकव. तीट दिसतेय का?"

"तीट? नाही हो... पुसलीच आहे सगळी. चादरीला लागलीय. का?"

"नखं बघ तिची. ओठ बघ."

पलीकडे चादरीची सळसळ. मग वृंदाचा बदललेला आवाज. "ताई, निळसर आहेत. पण उजेड आहे ना, ताई? उजेड आहे!"

"उजेड गेला खड्ड्यात! उचल तिला आणि दवाखान्यात पळ. कौस्तुभची वाट बघू नकोस."

*

न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. आता नळ्या लावल्यात, बघू. शाल्मली पुन्हा काचेच्या पेटीत गेली.

बाहेरच्या बाकावर आई बसली होती. तिला राग आला की ती समोरच्याकडे बघत नसे, भिंतीशी बोलत असे.

"यंत्रावर पोर सोपवून भांडी घासत बसलं की दुसरं काय होणार? आईचं काळीज म्हणून काही असतं की नाही? पोर निळं पडलं तरी हिला कळलं नाही."

"आई, पुरे," कौस्तुभ म्हणाला. पण 'ती चुकली नाही' असं तो म्हणाला नाही.

वृंदा मान खाली घालून उभी होती. "खरंय त्यांचं," ती ऋजुताला हळूच म्हणाली. "मी दोनदा बघून गेले हो. दोन्ही वेळा पायाकडे बघितलं. तोंडाकडे नाही बघितलं."

ऋजुताने तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला, तोंड उघडलं नाही. ऋजुताने फोनवर ओळखलं म्हणून पोर वाचली, असं कौस्तुभ नातेवाइकांना सांगत होता, तेही तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीही ऐकून घेतलं. रात्री ती सईला कुशीत घेऊन जागी राही, आणि सकाळी डबा घेऊन दवाखान्यात जाई. डब्यात वृंदाच्या आवडीची मुगाची खिचडी असे. जणू खिचडीने काही भागणार होतं.

तिसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा वृंदा आयांच्या खोलीत होती. पेटीतल्या बाळांच्या आया तिथे बसून बाटलीत दूध काढून ठेवत. वृंदाच्या बाटलीत तळ झाकेल इतकंच दूध होतं.

"येतच नाही," वृंदा म्हणाली. "त्यालाही कळलं असेल, ही कसली आई."

ऋजुता तिच्यासमोर स्टुलावर बसली. डबा खाली ठेवला.

"वृंदा, ऐक. तुझं काही चुकलं नाही. ते पैंजण खोटं बोलत होतं. आणि ते खोटं बोलू शकतं हे मला माहीत होतं."

मग तिने सगळं सांगितलं. टेकू, तीट, पुसलेलं काजळ, फैयाजची खाली न येणारी रेघ. सरांशी बोलायचं राहून गेलं तेही. सांगताना तिच्या लक्षात आलं, की 'राहून गेलं' हा शब्द आपण पुन्हा पुन्हा वापरतोय.

वृंदाने बाटलीचं झाकण लावलं. सावकाश, फिरवून फिरवून.

"सईच्या पायात आहे अजून?"

"नाही."

"कधी काढलंत?"

"त्याच दिवशी. आलेख बघितला त्या दिवशी."

"म्हणजे बारशाच्या आधी."

"हो."

"आणि तीटही तुम्हीच लावलीत."

"हो."

वृंदा रडली नाही, ओरडली नाही. शेजारच्या खुर्चीवरची बाई दूध काढायचं थांबवून ऐकत होती, तिच्याकडेही तिने बघितलं नाही.

"अशी किती पोरं आहेत?" तिने विचारलं.

"हजारांनी."

"त्यांच्या आया आत्ता काय करत असतील? भांडीच घासत असतील ना?" वृंदा उभी राहिली. "मग तू इथे काय करतेयस? खिचडी घेऊन? ऊठ. जा इथून."

*

देवस्थळी सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वाईट झालं. पण पोरगी वाचली ना? मग झालं तर. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती पाठवू. शांतपणे. बोभाटा करून काय मिळणार? लोक घाबरतील, पैंजणं काढून फेकतील. मग ज्यांना खरी गरज आहे त्यांचं काय?"

"सर, पुढच्या आठवड्यापर्यंत कुणाचं तरी..."

"तू थकली आहेस. घरात आजारपण आहे. दोन दिवस रजा घे."

ती जागेवर येऊन बसली. फैयाजने खुर्ची ओढली.

"लोकांना निरोप पाठवायला सरांची परवानगी लागते," ती म्हणाली. "टेकू बदलायला नाही. टेकू माझ्याकडे आहे."

"दुरुस्ती तयार नाही अजून, मॅडम. तपासायलाच चार दिवस जातील."

"दुरुस्ती नाही करायची. शून्यावर आणायचा."

फैयाजला समजायला क्षणभर लागला. टेकू गेला की विहिरी रिकाम्या होणार. रक्त चांगलं असो वा वाईट, एकही ठिपका टिकणार नाही. घरोघरचे भोंगे एकदम सुरू होणार.

"सगळ्यांचे? अहो, बायकांना झटके येतील! दुपारची वेळ आहे, कुणी आडवी झाली असेल, कुणी अंघोळीला गेली असेल. आपलं पोर गेलं असंच वाटेल प्रत्येकीला."

"वाटेल."

"शिव्या घालतील. केस करतील."

"घालू देत. पण आधी पाळण्याकडे पळतील. पायाकडे बघणार नाहीत, तोंडाकडे बघतील."

"मॅडम, आपण दोघंही घरी बसू यापायी."

"दोघं नाही. तू चहाला जा. आणि तक्रारीचे फोन माझ्याकडे वळवून जा."

फैयाज उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि तिच्या शेजारी बसला. "चहा मागवतो," म्हणाला.

ऋजुताने आकडा खोडला आणि तिथे शून्य लिहिलं. यंत्राने विचारलं, नक्की? तिच्या डोळ्यांसमोर हजारो दारं होती, दाराआडच्या हजारो बायका, आत्ता या घटकेपर्यंत निर्धास्त. वृंदाही अशीच होती. ते निर्धास्तपण तिनेच त्यांना दिलं होतं, आता तीच हिसकावून घेत होती. तिने 'हो' दाबलं.

खोलीत काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. फैयाज फोनकडे बघत होता.

मग फोन वाजला.

"हॅलो? हॅलो! अहो पैंजण विझलं! अहो माझं बाळ..."

"ताई, मी विझवलंय ते. पैंजणाकडे बघू नका. बाळाजवळ आहात का?"

"पळतेय, जिन्यात आहे, वर झोपवलंय..."

पावलं, धाप, दार आपटल्याचा आवाज. भोंगा आता अगदी फोनला चिकटून वाजत होता.

"छातीवर हात ठेवा त्याच्या. ओठ कसे आहेत? ताई?"

ऋजुताने टेबलाची कड धरली. कितीतरी वेळ नुसता भोंगा. मग त्याच्या वरताण, झोपमोड झालेल्या बाळाचा खणखणीत, संतापलेला टाहो.

"गुलाबी आहेत," ती बाई म्हणाली आणि रडायला लागली. मग रडता रडताच तिचा आवाज चढला. "तू विझवलंस? मुद्दाम? अगं बये, काळीज आहे की दगड? जिन्यावरून पडले असते मी! तुला पोरंबाळं आहेत का गं? जीव गेला होता माझा, जीव!"

तिच्या बोलण्याला खंड नव्हता. फैयाजने फोन घ्यायला हात पुढे केला. ऋजुताने मान हलवली आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरला. बाजूचा दुसरा फोन वाजू लागला, मग त्याच्या पलीकडचा तिसरा. ती ऐकत होती. बाई थकून गप्प झाली तेव्हा ऋजुता म्हणाली, "आणखी बोलायचं असेल तर बोला, ताई. पण आधी ते पैंजण काढून टाका."